विटांचे तुकडे, रोजचं पाणी आणि आजींची मिरची: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, 'खोलीत, एलईडीखाली पहिली मिरची' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तिच्याखाली बऱ्याच जणांनी 'अगदी मनातलं बोललात' असं लिहिलंय, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर उत्तर देतोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी काकांचं म्हणणं असं: पुण्याच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात त्यांच्या आजीने लाल माती, शेणखत आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी एवढ्यावर वर्षानुवर्षं मिरच्या काढल्या. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हा नर्सरीवाल्यांचा धंदा. तळाला विटांचे तुकडे घालू नका असं सांगून मी नवख्यांची झाडं कुजवणार. 19:19:19 हे रासायनिक खत सुचवून घरात विष आणतोय. वर 'चार रुपयांच्या मिरचीला चारशेचं कौतुक' हा टोला. टोला झकास आहे, त्याला उत्तर नाही. बाकीच्याला आहे.

आजींचं काहीच चुकत नव्हतं. त्यांची मिरची अंगणात होती. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो; आपल्या हॉलमध्ये ट्यूब लावूनही दोन-तीनशेच्या वर जात नाही. दिवा कितीही चांगला घेतला तरी अंगणाची बरोबरी होत नाही, आणि खोलीत वाराही नसतो. झाडाने ओढलेलं बहुतेक पाणी पानांतून वाफ होऊन जातं. ऊन-वारा कमी, म्हणजे वाफ कमी, म्हणजे कुंडीतलं पाणी संपतच नाही. अंगणात जो तांब्या दुपारपर्यंत गायब व्हायचा, तो खोलीत तीन-चार दिवस तसाच मुळांशी बसतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत भरलेल्या राहिल्या की ती गुदमरतात, कुजतात आणि मग पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून ओल्या मातीतलं झाड मान टाकतं. नवखा माणूस ते बघून काय करतो? आणखी तांब्याभर घालतो.

म्हणून मी 'रोज' हा शब्द लेखात मुद्दाम टाळला. पाणी घालून निथळल्यावर कुंडी एकदा उचलून बघा, वजन हाताला कळू द्या. ती चांगली हलकी लागेपर्यंत पुन्हा पाणी नको. मग घालायचं ते भरपूर, खालच्या भोकांतून वाहेपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून द्यायचं. बोट खुपसून बघण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण वरचा इंचभर थर पंख्याखाली लवकर वाळतो आणि खाली चिखल असतो. कुंडीभोवती बारीक चिलटं उडायला लागली तर समजावं की वरची मातीसुद्धा वाळत नाहीये. फवारण्या शोधण्याआधी पाणी थांबवा.

आता विटांचे तुकडे. हा मुद्दा मला मनापासून आवडतो, कारण खात्री करायला स्वयंपाकघर पुरतं. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळेल. तळाशी किती उंचीपर्यंत पाणी अडून राहतं हे स्पंजच्या जातीवर ठरतं, म्हणून उंच स्पंजात वरचा जास्त भाग मोकळा होतो. कुंडीतल्या मातीचंही तेच. तळाशी एक ओलागच्च थर राहतोच. विटांचे तुकडे घातले की तो थर नाहीसा होत नाही, तुकड्यांच्या वर सरकतो, कारण बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही. मुळांसाठी उरलेली जागा मात्र तेवढी कमी होते. भोकावर माती वाहू नये म्हणून एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवायला माझी हरकत नाही. थर नको.

कोकोपीटवरचा तुमचा राग अर्धा मला मान्य आहे. त्यात झाडाचं पोट भरेल असं जवळजवळ काही नसतं, आणि कोकोपीट ज्या दाबलेल्या विटेच्या रूपात मिळतं ती न धुता वापरली तर तिच्यात मीठ असतं. शिवाय ते कॅल्शियम धरून बसतं, म्हणून नुसत्या कोकोपीटमध्ये झाड लावलं तर कॅल्शियम नायट्रेटचा खर्च गळ्यात पडतो. पण पर्याय काय? आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. कुंडीत ती कडेपासून सुटते, आणि पुढचं पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत जातं. मधला गोळा कोरडाच. नर्सरीतली लाल माती त्याहून बरी, पण खोलीत नुसती वापरली की महिना-दोन महिन्यांत दबून घट्ट होते. म्हणून माझं प्रमाण, घमेल्याने मोजून: दोन घमेली धुतलेलं कोकोपीट, एक लाल माती, एक गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे). पर्लाइट महाग वाटलं तर मावळात भाताच्या गिरणीवर तूस मिळतं, तेही चालतं. त्यात एखादा दाणा राहून कुंडीत भात उगवला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

लेखात पाण्याबद्दल मी एक ओळ लिहिली होती, ती अपुरी होती असं प्रतिक्रिया वाचून वाटलं. खडकवासल्याचं पाणी नळाला येत असेल तर काळजी नाही. पण बाणेर, वाघोलीकडच्या कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर असतात, आणि बसाल्ट खडकातलं ते पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं. जड पाणी झाड काही काळ सोसतं. सॉफ्टनरमधून आलेलं सोसत नाही, कारण ते यंत्र कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून बदल्यात सोडियम सोडतं. भांड्यांवर डाग पडत नाहीत, झाडावर पडतात. आरओचं फेकायचं पाणी कुंड्यांना घालणं हा पुण्यातला आवडता काटकसरीचा उपाय. त्यात मूळ पाण्याच्या दीड-दोन पट क्षार असतात. नळाचं पाणी गोडं असेल तर चालून जातं, बोअरचं असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात आणि कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसतात. ते लोह न मिळाल्याचं लक्षण. खालची जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. या दोन पिवळेपणांत गल्लत करून लोक खत ओततात.

विषाबद्दल. 19:19:19 म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के. गांडूळखतातलं नत्रसुद्धा जिवाणूंनी फोडून अमोनियम आणि नायट्रेट केल्यावरच मूळ ते मोठ्या प्रमाणावर घेतं. फरक वेगाचा आहे, आणि मात्रा चुकली तर होणाऱ्या नुकसानाचा. वरच्या मिश्रणातल्या शेणखतावर रोपाचा पहिला महिना निघतो. तेव्हा काहीच देऊ नका. पुढे आठवड्यातून एकदा लिटरला 1 ग्रॅम, तेही ओल्या मातीवर. पाकिटावरची मात्रा शेतासाठी असते, ती कुंडीला लावू नका. पूर्ण सेंद्रिय करायचं असेल तर निंबोळी पेंड उत्तम. जीवामृतही चांगलं, पण बंद फ्लॅटमध्ये शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवत ठेवलंत तर काकू काय म्हणतील ते मी लिहीत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की बाल्कनीतल्या मिरचीला फुलं येतात आणि गळतात, 'त्यावर बोला आधी'. एप्रिल-मेच्या पुण्यात दिवस 38 अंशांवर आणि रात्रही उकाड्याची असली की मिरची फूल धरत नाही, हा झाडाचा स्वभाव. पण तुम्ही दर पंधरवड्याला पेंड घालता असंही लिहिलंय. नत्र जास्त झालं की झाड पानांवर जोर देतं, फुलांवर नाही. पेंड पाऊस लागेपर्यंत बंद करा, दुपारची हिरवी जाळी लावा. आणि पाणी नळाचं घालता की आरओचं फेकायचं, तेवढं खाली कळवा. आरओचं असेल तर आधी दोन-तीनदा नळाच्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढावी लागेल.