‘एसटीने ट्रेक म्हणजे हौसेचा वनवास’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एसटीने करता येणाऱ्या घाटवाटांवरच्या (म्हणजे कोकण आणि घाटमाथा जोडणाऱ्या पायवाटांवरच्या) माझ्या लेखावर तुम्ही ‘पुणेकर’ या नावाने प्रतिक्रिया लिहिलीत. सविस्तर आणि रोखठोक, दोन्ही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की एसटीने डोंगरात जाणं ही जुन्या आठवणींत रमणाऱ्यांची हौस आहे. गाडीने गेलं की संध्याकाळी घरी परतता येतं. शेवटची एसटी येईलच याचा भरवसा नाही, बायकामुलांना घेऊन हे जमणार नाही, आणि मी लेखात गाड्यांच्या वेळा दिल्या नाहीत म्हणजे मलाच खात्री नाही.

जुन्या आठवणींचा आरोप आधी बाजूला ठेवू. खिडकीजवळची जागा, घाटातला वारा वगैरे मी लेखात कुठेच लिहिलेलं नाही. तासाभरात खिडकीच्या पत्र्याचा खडखडाट नकोसा होतो, हे मलाही ठाऊक आहे. माझं कारण कोरडं आहे. गाडी जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. घाटवाट मात्र मुळात पलीकडे जाण्यासाठी आहे.

खांडस-भीमाशंकरचंच बघा. नेरळ किंवा कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला जायचं, गणेश घाटाने चढायचं, पदरगड किल्ल्याच्या बाजूने वर यायचं, देवदर्शन करायचं आणि भीमाशंकरच्या स्थानकावर पुण्याची गाडी धरायची. संध्याकाळी तुम्ही वाकडेवाडीला उतरता. आता हेच स्वतःच्या गाडीने करा. गाडी खांडसला, तुम्ही भीमाशंकरला. रस्त्याने परत जायचं तर राजगुरुनगर, चाकण, तळेगाव, खोपोली, कर्जत असा दीडशे किलोमीटरहून मोठा वळसा. म्हणून गाडीवाले काय करतात? आले त्याच वाटेने गुडघे दुखवत उतरतात, नाहीतर खालची वाट सोडूनच देतात आणि थेट भीमाशंकरच्या वाहनतळावर गाडी लावतात. दुसऱ्या प्रकाराला यात्रा म्हणावं, ट्रेक नव्हे.

राजगड-तोरणाही तसाच. स्वारगेटहून वेल्ह्याच्या गाडीने मार्गासनीला उतरायचं, तिथून जीपने गुंजवणे, राजगड चढून संजीवनी माचीवरून धारेधारेने तोरण्याच्या बुधला माचीवर, आणि उतरायचं थेट वेल्ह्यात. भल्या पहाटे निघालात तरी दिवस जेमतेम पुरतो, त्यात दिवसाच्या शेवटी गुंजवण्यात उभी असलेली आपली गाडी आणायला पुन्हा जीप शोधत बसायचं असेल तर मला ते नको.

आता शेवटच्या गाडीबद्दल. इथे तुमची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय माझ्या मते वेगळा आहे. ज्या गावात एसटी मुक्कामाला असते तिथली पहाटेची गाडी ही सगळ्यांत भरवशाची, कारण ती रात्रीच गावात येऊन उभी असते. चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपलेले असतात. ती येणार की नाही हा प्रश्नच नसतो. उलट संध्याकाळी आत येणारी गाडी तालुक्याहून निघेपर्यंत शंभर भानगडी होऊ शकतात. तेव्हा बेत आखताना दिवसाच्या शेवटी आडगावात अडकायचं नाही, हमरस्त्यावर उतरायचं.

तुम्ही पुण्याचे, म्हणून नाणेघाट घ्या. आम्ही डोंबिवली-कल्याणची माणसं माळशेजमार्गे जुन्नर-आळेफाट्याकडे जाणारी गाडी धरतो, वैशाखरे सोडल्यावर नाणेघाटाच्या वाटेपाशी उतरतो आणि चढतो. वर सातवाहन काळातली लेणी, सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख, दगडी रांजण, समोर जीवधन किल्ला. मग घाटघरला चालत जायचं आणि जुन्नरची गाडी किंवा जीप बघायची. आमच्यासाठी शेवटचा टप्पाच डळमळीत. तुम्ही उलटं करा. सकाळी जुन्नर गाठा, घाटघरला जा, घाट उतरा आणि कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर या. तिथून कल्याणकडे जाणाऱ्या गाड्या दिवसभर असतात, आणि कल्याणहून पुण्याला रेल्वे आहेच. गुडघे मजबूत हवेत एवढंच, पायऱ्यांचे दगड उतरताना बोलतात.

वेळा न देण्याबद्दल. मुद्दाम दिलेल्या नाहीत, आणि देणारही नाही. आतल्या गावांच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या मुलांवर चालतात. रविवारी त्यातली एखादी गळते, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत आणखी. आषाढीला पंढरपूरसाठी आणि गणपतीत कोकणासाठी आगारांतून जादा गाड्या जातात, तेव्हा खेड्यांच्या फेऱ्यांना कात्री लागते. मी आज लिहिलेला ‘सव्वातीन’ हा आकडा कुणीतरी दोन वर्षांनी वाचून फाट्यावर उभा राहणार, त्यापेक्षा न लिहिलेला बरा. आदल्या दिवशी स्थानकाच्या चौकशी खिडकीत विचारा आणि गावात ज्यांच्याकडे जेवण सांगणार आहात त्यांनाही विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर गावकऱ्याचं धरा. खिडकीवर फळ्यावरची वेळ सांगतात, गावकरी गाडी खरोखर कधी दिसते ते सांगतो.

बायकांना हे जमणार नाही, हे वाक्य मात्र पटलं नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, आणि बाजाराच्या दिवशी कुठल्याही तालुक्याच्या स्थानकावर जाऊन बघा, निम्म्याहून जास्त गाडी त्यांनीच भरलेली असते. आमच्या गटातल्या मैत्रिणींना अनोळखी जीपपेक्षा वाहक असलेली, तिकीट देणारी, गावच्या माणसांनी भरलेली गाडी जास्त बरी वाटते. लहान मुलांचं म्हणाल तर अडचण गाडीची नाही, वाट पाहण्याची आहे. फाट्यावर पाऊण तास बसणं मोठ्यांनाच झेपत नाही, मुलं दगड गोळा करत बसतात.

जिथे तुमचंच खरं आहे ते सांगून टाकतो. भंडारदऱ्याकडच्या साम्रद, रतनवाडीसारख्या टोकाच्या गावांना एका सुट्टीत एसटीच्या जिवावर जाण्यात मला अर्थ वाटत नाही. हरिश्चंद्रगडही खिरेश्वरच्या बाजूने ठीक, खुबी फाट्याला उतरून धरणाच्या कडेने चाललं की गावात. पण पलीकडे पाचनईला उतरून राजूरची गाडी मिळेल या आशेवर जाऊ नका, जीप आधी ठरवून ठेवा. आणि चौघांत मिळून गाडी केली तर तिकिटाच्या पैशांत फारसा फरक पडत नाही, हाही तुमचा हिशेब बरोबर आहे. जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतर तर नक्कीच. मी स्वस्त पडतं म्हणून एसटीने जा, असं म्हटलेलं नव्हतं.

शेवटी तुम्ही जरा खवचटपणे विचारलंय, की मग दहा वर्षांच्या मुलीला घेऊन पहिली वाट कुठली करू. खवचटपणा सोडून उत्तर देतो: खांडस-भीमाशंकर, पावसाळा संपल्यावर, गणेश घाटाने. शिडी घाट लोखंडी शिड्यांचा आहे, तो यावेळी नको. आदल्या दिवशी नेरळला या, सकाळी लवकर खांडस गाठा. पाणी माणशी दोन लिटर, आणि वर गेल्यावर शेकरू (झाडावरची मोठी खार) दिसलं तर आवाज न करता थांबा, झाडाच्या शेंड्याकडे बघा. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा, वरून पुण्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.