पान हिरवं म्हणजे दाणा भरलेला, असं नाही

रब्बीत हा सल्ला मोबाइलवर हमखास फिरतो: 'पान पिवळं पडलं की पीक खचलं. सायटोकायनिन आणि युरिया फवारा. पान जितके दिवस हिरवं, तितका उतारा जास्त आणि ताणही सोसेल.' सायटोकायनिन म्हणजे पान हिरवं ठेवणारं झाडातलं संप्रेरक. गहू आणि ज्वारीपुरतं तपासू.

'पिवळं पान म्हणजे खचलेलं पीक.' पानातलं सुमारे तीन चतुर्थांश नत्र हरितलवकांत, म्हणजे हरितद्रव्याच्या कणांत असतं. दाणा भरताना झाड ते मोडून कणसाकडे धाडतं, म्हणून पान पिवळं दिसतं. फुलोऱ्याआधीच जुनी पानं शेंड्याकडून मधल्या शिरेने पिवळी होत आली तर नत्र कमी आहे. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या रानात लोहाची कमतरता तपासा. पान म्हातारं होण्याशी त्याचा संबंध नाही.

'हिरवं तितका उतारा.' गव्हातल्या, पान पिकवणाऱ्या एनएएम गटातल्या जनुकांचं काम दाबल्यावर पानं तीन आठवड्यांहून जास्त उशिरा पिकली. दाण्यातली प्रथिनं, जस्त आणि लोह मात्र 30 टक्क्यांहून अधिक घटले (2006). पुढच्या तपासणीत दाण्याचं वजनही वाढलेलं दिसलं नाही. माल पानातच अडकला! मेंडेलचे हिरवे वाटाणेही असेच: हरितद्रव्य मोडणारं जनुक बिघडलेलं, रंग टिकतो, पानाचं काम मंदावतं.

'सायटोकायनिन फवारलं की ताण सोसेल.' हा दावा बहुधा 2007 च्या तंबाखूवरच्या प्रयोगातून आलाय. तिथे पान पिकू लागताना किंवा ताण आल्यावरच चालू होणारी कळ (बटण) सायटोकायनिन बनवणाऱ्या जनुकाला जोडली होती. संप्रेरक झाडाच्या आत, हव्या त्या वेळी तयार होत होतं. त्या झाडांनी नेहमीच्या 30 टक्के पाण्यावर तग धरला. फवारलेलं सायटोकायनिन मात्र थेंब पडला तिथून फारसं हलत नाही, उलट तो भाग शेजारचं अन्न स्वतःकडे ओढतो. शिवाय ताणात ॲब्सिसिक आम्ल हे झाडाचंच दुसरं संप्रेरक पर्णरंध्रं मिटवतं आणि जुनी पानं सोडायला लावतं. पाणी वाचवायची झाडाची ती रीत आहे. बेंझिल ॲडेनिन या सायटोकायनिनची पूड तर साध्या पाण्यात नीट विरघळतच नाही, टाकीच्या तळाशी बसते. गाळ बसला की सगळ्या ओळींना सारखी मात्रा मिळत नाही.

ज्वारीत खरोखर हिरवे राहणारे वाण आहेत. इथिओपियन वंशाच्या बी 35 या वाणामधल्या एसटीजी 1 ते 4 या जनुकस्थानांमुळे फुटवे कमी आणि पानांचा पसारा आटोपशीर राहतो. फुलोऱ्यापूर्वी वाचलेली ओल पुढे दाण्याला मिळते. म्हणजे हिरवेपणा हा वाचलेल्या पाण्याचा परिणाम. आपल्या जिरायत रब्बी ज्वारीत फवाऱ्यापेक्षा आठव्या आठवड्यातली, भेगा बुजवणारी कोळपणी हेच काम स्वस्तात करते.

'मग निदान युरिया तरी?' नत्राची कमतरता दिसत असेल तर फुलोऱ्याआधी 2 टक्के, म्हणजे 10 लिटरला 200 ग्रॅम. भर दुपारी मारलात तर पानं करपतात. ज्वारीच्या दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसल्यावर आत काही जात नाही, तेव्हा फवारा फुकट.