कुठली फाइल?

गळीत हंगाम सुरू झाला की मी फोन उशाशी घेऊन झोपतो. ऊस माझा नाही, कारखाना माझा नाही. पण एका कारखान्याच्या वजनकाट्यावर चालणारा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहिलाय. तोही ऐन उमेदीत, म्हणजे आपलं काही बिघडतच नसतं अशा वयात.

काम साधं. ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर येते, इंडिकेटर, म्हणजे काट्याचं वजन दाखवणारा डबा, एका वायरीतून वजन पाठवतो, प्रोग्रॅम ते वाचतो. ट्रॉली गव्हाणीवर रिकामी होऊन परत येते, पुन्हा वजन, वजाबाकी, पावती. स्क्रीनवर वजनाचे आकडे एवढे मोठे, की खिडकीबाहेरच्या ड्रायव्हरलाही दिसावेत. बाकी जागाच उरली नाही म्हणून तळाशी एक बारीक ओळ, प्रोग्रॅम आपल्या नोंदी लिहितो त्या लॉग फाइलीतली शेवटची. ती वाचायचं काम तात्यांचं. तात्या म्हणजे रात्रपाळीचे काटा क्लार्क.

पहिला फोन रात्री सव्वा वाजता आला.

“साहेब, काटा बंद पडलाय.”

“खाली काय लिहिलंय?”

“एरर. पुढं दोन टिंबं. नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.”

“कुठली फाइल?”

“आता ते मी कसं सांगू? लिहिलंय तुम्ही.”

बरोबर होतं. कोड उघडला. प्रोग्रॅम नऊ ठिकाणी काही ना काही उघडतो, आणि नऊही ठिकाणी उघडलं नाही तर ‘पीएरर’ला हाक मारतो. प्रोग्रॅमने कर्नलकडे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याकडे, केलेली मागणी म्हणजे सिस्टिम कॉल. तो फसला की उणे एक हाती येतो, आणि ‘एररनो’ नावाच्या जागेत एक आकडा पडतो. दोन म्हणजे अशी फाइल नाही, तेरा म्हणजे परवानगी नाही, अठ्ठावीस म्हणजे डिस्कवर जागा नाही. पीएरर त्या आकड्याचं इंग्रजी वाक्य करतो आणि आपण दिलेला शब्द त्याच्या आधी चिकटवतो. मी नऊही ठिकाणी दिलेला शब्द होता ‘एरर’. नऊ पोरांची नावं ‘मुलगा’ ठेवावीत, तसं.

कर्नलला दोष देण्यात अर्थ नाही. फाइलीचं नाव मीच त्याच्या हातात दिलं होतं. तेच मला परत वाचून दाखवणं त्याच्या नोकरीत बसत नाही. आणि ती फाइल कशासाठी हवी होती, हे त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं. ते फक्त मला ठाऊक, आणि मी लिहिलं ‘एरर’.

मग घरून लॉगिन करून एकेक फाइल तपासत बसलो. सेटिंगची फाइल आहे. पावत्यांची डिरेक्टरी आहे. दरम्यान फोनमध्ये मागून आवाज वाढत होते. उभ्या ट्रॉलीत ऊस वाळतो, वाळला की वजन घटतं, वजन घटलं की पैसे घटतात. हे गणित रांगेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं, आणि ते तात्यांना मोठ्याने शिकवलं जात होतं. शेवटी ‘एसट्रेस’ लावला. प्रोग्रॅम कर्नलला काय काय विचारतो ते सगळं दाखवणारं हे हत्यार. याचा उच्चार कुणी ‘स्ट्रेस’ करतात, आणि रात्री दोन वाजता तो चूक वाटत नाही.

सापडलं. नसलेली फाइल म्हणजे वजनाची वायर होती. लिनक्समध्ये यूएसबीला लावलेली सीरियल वायरसुद्धा फाइलच. तिचं नाव टीटीवाययूएसबी, पुढे शून्य. माझा प्रोग्रॅम शून्य मागत होता. मशीनवर होती ती टीटीवाययूएसबी, पुढे एक.

“तात्या, ती वायर काढून परत लावा बरं.”

“ते तर मी सगळ्यात आधी केलं.”

आणि तिथेच घोळ झाला होता. प्रोग्रॅम चालू असताना तात्यांनी वायर ओढली. प्रोग्रॅमने जुनं शून्य घट्ट धरून ठेवलेलं, म्हणून परत लावलेल्या वायरीला पुढचा नंबर मिळाला. मग तात्यांनी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला, आणि तो बिचारा शून्य शोधत बसला. आता प्रोग्रॅम बंद ठेवून वायर काढली, लावली. शून्य परत आलं. काटा सुरू. वायरीला बाय-आयडी नावाच्या डिरेक्टरीखालचं, तिच्या ओळखीवरून पडलेलं कायमचं नाव असतं, प्रोग्रॅमने तेच मागावं, ही अक्कल मला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आली.

दुसऱ्या दिवशी सूड म्हणून मी एरर छापायचं स्वतंत्र फंक्शन लिहिलं. त्यात फाइलीचं नाव टाकलं, अवतरणचिन्हांत. ही चिन्हं विसरू नयेत. नावाच्या शेवटी चुकून नवी ओळ चिकटली असेल, तर मिटणारं चिन्ह पुढच्या ओळीवर जाऊन पडतं आणि चोर लगेच दिसतो. शिवाय एरर लाल रंगात यावी अशी हौस केली. समोर टर्मिनल, म्हणजे थेट पडदा, असेल तरच लाल, म्हणून फंक्शनच्या सुरुवातीलाच ‘आयझटीटीवाय’ला विचारलं. आठवड्यात फोन.

“साहेब, जरा वेगळंच आलंय. इनअप्रोप्रिएट काहीतरी.” तात्यांनी आवाज खाली आणला. “पोरांनी रात्री काही भलतंसलतं लावलं नाही ना मशीनवर?”

संदेश होता ‘इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’, म्हणजे या उपकरणाला न शोभणारी मागणी. एरर नंबर पंचवीस. जुन्या युनिक्सवर याच नंबराचं वाक्य होतं ‘नॉट अ टाइपरायटर’, म्हणजे हा टाइपरायटर नव्हे. टीटीवाय म्हणजे मुळात टेलिटाइप, त्या काळातलं ते. पण माझ्याकडे कुणी टाइपरायटर मागितलाच नव्हता! मागितला होता, माझ्या लाल रंगाने. एररनो ही शाळेतल्या एकाच पाटीसारखी गोष्ट. वायर सापडली नाही तेव्हा कर्नलने पाटीवर दोन लिहिलं. मग माझ्या हौशी फंक्शनने विचारलं, समोर टर्मिनल आहे का? समोर लॉग फाइल. उत्तर नाही, आणि त्या नाहीचा नंबर पंचवीस पाटीवर, दोन पुसून. मग मी ऐटीत पाटी वाचली. कॉल फसल्या फसल्या आकडा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यायचा असतो, हे पुस्तकात असतं. पुस्तक माझ्याकडेही होतं. मॉनिटर उंच करायला.

हे दुरुस्त केलं. डिसेंबरात तिसरा फोन, आणि यात तात्यांचा सूर दुखावलेला.

“काटा बंद आहे, आणि मशीन म्हणतंय एरर, सक्सेस. थट्टा करताय का?”

शपथेवर सांगतो, थट्टा नव्हती. इंडिकेटरचा प्लग कुणीतरी मोबाइल चार्ज करायला काढला होता. वायर जागेवर, पोर्ट उघडा, फक्त पलीकडून कुणी बोलत नव्हतं. वायरीवरून वाचणाऱ्या ‘रीड’ कॉलने ठरवलेला वेळ वाट बघितली आणि शून्य अक्षरं आणली. शून्य अक्षरं हा फसलेला कॉल नव्हे. पाटी कोरी, आणि एररनो शून्य असलं की त्याचं वाक्य होतं ‘सक्सेस’. मी मात्र लिहिलं होतं, शून्य किंवा त्याहून कमी आलं तर बोंब मारा. कर्नलच्या मते सगळं आलबेल, माझ्या मते अनर्थ. दोघांचं म्हणणं एका ओळीत जोडून मी ते रात्री अकरा वाजता तात्यांना वाचायला दिलं होतं.

मग एक रविवार घालवला. प्रत्येक ठिकाणी काय करत होतो ते लिहिलं, कशावर ते लिहिलं, कर्नल काय म्हणाला ते नंबरासकट लिहिलं, आणि तात्यांनी काय करायचं तेही. मराठीत. लिपी रोमन, कारण त्या टर्मिनलवर वेलांट्या शेजारच्या अक्षराला जाऊन लटकतात. संदेश असा झाला:

काट्याची वायर उघडायला गेलो, मिळाली नाही.
नाव ‘टीटीवाययूएसबी०’, नंबर २, अशी फाइल नाही.
आधी प्रोग्रॅम बंद करा, मग वायर काढून परत लावा, मग चालू करा.
तरीही नाही झालं तर साहेबांना फोन करा.

चार ओळी. मी त्या बायकोलाही वाचून दाखवल्या. फोन सायलेंटवर टाकून झोपायचं धाडस मात्र झालं नाही, ते बरंच झालं. दोन वाजून दहा मिनिटांनी वाजला.

“तात्या, काय लिहिलंय खाली?”

“साहेबांना फोन करा, असं लिहिलंय. म्हणून केला.”

“आणि त्याच्या वरच्या तीन ओळी?”

“वर?” तात्या थांबले. “वर वजन आहे की.”