‘कोळ्याला पोहायला शिकवू नका’ म्हणणाऱ्यांसाठी

मासेमारीचा हंगाम सुरू झाला की बंदरावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मेसेज हमखास फिरतो. ‘कोळ्याला पोहायला शिकवू नका. लाइफ जॅकेट घालून काम होत नाही, जाळ्यात अडकतं. ते फुगणारं जॅकेट तर लाटेच्या शिंतोड्यानेच फुगतं, आणि बोट उलटली तर आतच मारतं. एसीत बसणाऱ्यांची खुळं आहेत ही.’ खाली अंगठ्यांची रांग. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, त्याकडे येईनच.

आधी पोहणं. आज रत्नागिरी, हर्णैच्या मोठ्या बोटींवर कोळी असतात किती? नेपाळहून आलेले खलाशी कितीतरी आहेत, आणि त्यांतल्या अनेकांनी कामाला लागण्याआधी समुद्र पाहिलेलाही नसतो. पण समजा, पडणारा पट्टीचा पोहणारा आहे. पडतो कसा ते बघा. मध्यरात्र उलटलेली, बाकीचे झोपलेले, हा लघवीला काठावर गेलेला. आपल्या बहुतेक बोटींवर संडास नसतो. हे बोलायला कुणाला आवडत नाही, पण माणसं पडतात ती तिथूनही. इंजिनाच्या आवाजात हाक कुणाला ऐकू येणार? आठ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे पंधरा किलोमीटरने, चाललेली बोट मिनिटाला जवळपास अडीचशे मीटर पुढे जाते. ‘अरे, तो कुठाय?’ असं कुणी विचारीपर्यंत दहा मिनिटं गेली, तर अंतर अडीच किलोमीटर. किनारा तर दिसतही नाही. पोहून हा जाणार कुठे? त्याला फक्त तोंड पाण्याच्या वर ठेवून बोट परत येईपर्यंत टिकायचं असतं, आणि गमबूट, रेनकोट घातलेल्या दमलेल्या माणसाला तेवढंही फार वेळ जमत नाही.

दिवसाउजेडी पडला तरी फार सोपं नाही. जाळं पाण्यात असलेला ट्रॉलर, म्हणजे जाळं मागे ओढत नेणारी बोट, जागच्या जागी वळत नाही. आणि विंचच्या (जाळं ओढून घेणाऱ्या यंत्राच्या) वायरचा फटका डोक्यात बसून पडलेल्याला पोहण्याचा काय उपयोग? चांगलं 150 न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवण्याच्या जोराचं माप) फुगणारं जॅकेट बेशुद्ध माणसालाही बहुधा उताणं करतं, तोंड वर ठेवतं. अमेरिकेत 2000 ते 2016 या काळात बोटीवरून पडून 204 मच्छीमार गेले. एकाच्याही अंगात जॅकेट नव्हतं. निम्म्याहून जास्त जणांना पडताना कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. तेही दर्यावरचेच लोक होते.

‘काम होत नाही’ हे केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून राहणाऱ्या, तपासणीपुरत्या बाहेर येणाऱ्या नारिंगी फोमच्या जॅकेटबद्दल असेल, तर मान्य. ते घालून जाळं ओढून दाखवा म्हटलं तर मीही नाही म्हणेन. फुगणाऱ्याचं तसं नाही. खांद्यांवरून उतरणारे दोन पट्टे, कमरेला बकल, आणि पट्ट्यांत घडी घालून ठेवलेली, गॅसने फुगणारी पिशवी. हात मोकळे. पट्ट्याचं लोंबतं टोक अडकू शकतं, म्हणून ते आत खोचायचं. जॅकेट रेनकोटच्या वरून घालायचं, आतून नाही, नाहीतर फुगायला जागाच उरत नाही. अलास्कात चार प्रकारच्या मासेमारीतल्या लोकांना वेगवेगळी जॅकेटं महिनाभर कामावर घालायला दिली होती. एकच जॅकेट सगळ्यांना आवडलं नाही, ज्याच्या त्याच्या जाळ्याप्रमाणे पसंती बदलली. पर्ससीनवाल्याने (माशांच्या थव्याभोवती जाळं टाकणाऱ्याने) ट्रॉलरवाल्याचं बघून घेऊ नये, एवढंच त्यातून घ्यायचं.

शिंतोड्याची तक्रार फुगणाऱ्या जॅकेटच्या एका जातीपुरती खरी. त्यात पाण्याने विरघळणारी गोळी असते. ती ओली झाली की स्प्रिंग सुटते, दाबून गॅस भरलेल्या छोट्या नळीला भोक पडतं, जॅकेट फुगतं. डेकवर सतत पाणी येत असेल तर ही जात नको. दुसरीत पाण्याच्या दाबावर उघडणारा व्हॉल्व्ह असतो, तो साधारण दहा सेंटिमीटर बुडाल्यावरच काम करतो. तिसरी जात हाताने दोरी ओढून फुगवायची, पण बेशुद्ध माणूस दोरी ओढत नाही. गॅस फसलाच तर तोंडाने फुगवायची नळी असतेच.

देखभाल मात्र हवी. गॅसची नळी काढून तोंड बघायचं. भोक पडलेलं असेल तर ती वापरलेली. वजन तिच्यावर कोरलेलं असतं, ते किराण्याच्या डिजिटल काट्यावर ताडून बघा, मासळीच्या काट्यावर नाही. पिशवी तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडली असेल तर ते जॅकेट बाद.

आता ते अर्धं खरं वाक्य. केबिनमध्ये असताना बोट उलटली आणि जॅकेट आपोआप फुगलं, तर माणूस आत अडकतो. खरंय. म्हणून केबिनमध्ये शिरताना ते काढायचं किंवा आत दोरीवालं वापरायचं. पण पडणारा डेकवरून पडतो, आणि बिनकेबिनच्या होडीवर केबिनमध्ये अडकण्याचा प्रश्नच येत नाही.

राहिली एसीवाल्यांची खुळं. ब्रिटनमध्ये 2018 पासून, पाण्यात पडण्याचा धोकाच राहणार नाही अशी सोय बोटीवर नसेल, तर डेकवर जॅकेट घालावंच लागतं, आणि तिथल्या मच्छीमारांच्या संघटनांनीच ती वाटली. आपल्याकडे हा मेसेज लिहिणारा बहुधा खलाशी नसून नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, असावा, असा मला संशय आहे. जॅकेटला काही हजार लागतात. ते खलाशाच्या पगारातून कापायचे नाहीत, आणि राखीव गॅसनळ्या डिझेल, बर्फ, राशनच्याच यादीत लिहायच्या.