चढावर ट्रक मागे पडतोच! ‘ड्युएल’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार फोंडेकर,

प्रतिक्रिया सविस्तर आणि चांगलीच तिखट लिहिलीत, देव बरे करो. ती खाली दडून राहते म्हणून इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ‘ड्युएल’ म्हणजे स्पीलबर्गचा सिनेमा, एका कारवाल्यामागे हात धुऊन लागलेल्या टँकर ट्रकचा. त्याच्या डीव्हीडीवरची इथली नोंद वाचून तुम्ही डिस्क मिळवली, ५५ इंची टीव्हीवर पाहिली आणि वैतागलात. तुमचं म्हणणं असं: अनमोड घाटात टिप्परमागे रखडलेला कुणीही सांगेल की चढावर कार ट्रकला सहज टाकून जाते, मग हा माणूस दीड तास पळतो कशाला? सिनेमा मध्येच ताणलाय. चित्र धूसर आणि धक्के खाणारं. चौकोनी चौकटीत बघायचं म्हणजे अर्धा टीव्ही वाया. घरात पाच स्पीकर असताना मोनो, म्हणजे एकपदरी आवाज, ऐकायला सांगणं हा जुनाटपणा. आणि गोव्याच्या पावसात डिस्क जमवणं म्हणजे बुरशी पाळणं.

पहिला आक्षेप सगळ्यांत भारी, म्हणून त्यालाच जास्त जागा देतो. (शेवट न पाहिलेल्यांनी चित्राच्या मुद्द्यापर्यंत सरळ खाली उतरावं.)

ढोबळ हिशेब मांडू. २०० अश्वशक्तीचा ट्रक, लोडसकट २० टन, आणि १०० मीटरमागे ६ मीटर चढ. चाकांपर्यंत पोचणारी ताकद धरली तर तो ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास अडकतो. मोल्याहून वर जाताना तुमच्यापुढे जो असतो, तो हाच. आता टाकी रिकामी करा. तोच ट्रक ८ टनांवर आला की त्याच चढावर ६०-७० ने जातो. वळणावळणाच्या रस्त्यावर, एकाच लेनमध्ये, समोरून गाडी येईल या धास्तीत चालवणाऱ्या कारवाल्याचा वेगही त्याहून फार नसतो. टँकर भरलेला की रिकामा, हे सिनेमा सांगत नाही. पण टाकीवर ज्वालाग्राही असं लिहिलेलं असूनही शेवटी दरीत पडल्यावर तो पेट घेत नाही. ज्या टीव्ही वाहिनीसाठी सिनेमा काढला, तिला तिथे स्फोट हवा होता, स्पीलबर्गने तो होऊ दिला नाही. त्यातून मी टाकी रिकामी होती असा अर्थ काढतो. तुम्ही काढायलाच हवा असं नाही.

पण तुमच्या आक्षेपाला खरं उत्तर पटकथेतच आहे. चढावर ट्रक मागे पडणार, हाच हिशेब सिनेमातला कारवाला, डेव्हिड मान, स्वतः करतो. शेवटच्या भागात तो डोंगराच्या रस्त्याला लागतो ते त्याच भरवशावर, आणि ट्रक मागे पडायलाही लागतो. घात करतो तो रेडिएटरचा होस पाइप. सुरुवातीला पेट्रोल पंपावरचा माणूस बॉनेट उघडून सांगतो की पाइप बदलायला झालाय. मान ते पुढे ढकलतो. तासाभराने, नेमका चढावर, तो पाइप फुटतो.

हे नाटकासाठी जुळवलेलं वाटतं, पण मेकॅनिकला विचारा. रेडिएटरच्या टोपणामुळे आत दाब राहतो. १५ पीएसआय (दाबाचं एकक) दाबाच्या टोपणाखाली साधं पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळतं. चढावर इंजिनावर ताण पूर्ण, गाडीचा वेग कमी, त्यामुळे रेडिएटरला वारा कमी. पाणी १०५-११० पर्यंत गेलं तरी दाब आहे तोवर ते पाणीच राहतं. पाइप फाटला की दाब क्षणात जातो आणि तेच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणून जुना पाइप सपाट रस्त्यावर महिनोन् महिने टिकतो आणि घाटात जातो. बॉनेटमधून वाफ, काटा लाल पट्ट्यात, पाय दाबूनही वेग उतरत जाणारा, हा क्रम सिनेमात बरोबर त्याच ओळीने येतो. माथा कसाबसा गाठून मान गाडी न्यूट्रलवर उतारावर सोडतो, तेव्हा ट्रकचं वजन ट्रकच्याच बाजूला गेलेलं असतं. चढावर जे ओझं, तेच उतारावर ढकलतं.

(जाता जाता: चोर्ला किंवा अनमोड चढण्याआधी इंजिन थंड असताना हा पाइप बोटांनी दाबून बघा. क्लिपजवळ फुगवटा, बारीक चिरा किंवा चिकट मऊपणा जाणवला तर बदला. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत क्लिपच आधी गंजते. आणि गरम टोपण उघडू नका.)

बाकी दीड तास तो पळतो कशाला, तर बहुतेक पाठलाग सपाट आणि उताराच्या रस्त्यावर आहे. चित्रीकरण लॉस एंजलिसच्या उत्तरेला सोलेडाड कॅन्यन आणि सिएरा हायवेच्या भागातलं. ज्या पळापळीत मानची गाडी कॅफेसमोरच्या कुंपणावर आदळते, ती उतारावरची. आणि तो थांबून बघतोच की! तो थांबला की ट्रकही पुढे जाऊन थांबतो. गोव्यातल्या २०१२ च्या खाणबंदीआधी उसगाव-तिस्क किंवा सावर्डे-कुडचडे पट्ट्यात गाडी चालवलेल्यांना रिकामा परतणारा टिप्पर आरशात कसा मोठा होत जातो, ते वेगळं सांगायला नको. मूळ कथाही अशाच अनुभवातून आली. ती लिहिणारे रिचर्ड मॅथेसन २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी, गोल्फ आटोपून परतत होते आणि एका ट्रकने त्यांचा पिच्छा पुरवला. कथा छापून आली १९७१ मध्ये.

ताणलेपणाबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. ‘ड्युएल’ हा टीव्हीसाठी काढलेला सिनेमा. १३ नोव्हेंबर १९७१ रोजी एबीसी वाहिनीवर तो ७४ मिनिटांचा दाखवला गेला. परदेशी चित्रपटगृहांसाठी लांबी कमी पडली, म्हणून नवे प्रसंग काढून तो ९० मिनिटांचा केला. डीव्हीडीवर आणि नंतरच्या ब्लू-रेवर तुम्हाला मिळतो तो हाच. भर पडली ती अशी: घरातून निघून शहराबाहेर पडणारी सुरुवात, बायकोला केलेला फोन, बंद पडलेली शाळेची बस आणि रेल्वे फाटक. यातला फोन मलाही खुपतो. मान दबलेला माणूस आहे हे ती भूमिका करणाऱ्या डेनिस वीव्हरच्या खांद्यांवरून कळत असताना, आदल्या रात्रीचं भांडण शब्दांत सांगायची गरज नव्हती. फाटकही नसतं तर चाललं असतं. बसवर मात्र तुम्ही अन्याय करता. ‘मारायला निघालेला ट्रक बसला धक्का मारून मदत का करतो?’ असं विचारलंत. त्याचं वैर एकट्या मानशी आहे, हे त्याच प्रसंगात दिसतं. पोरांच्या आणि बसचालकाच्या नजरेत वेडा ठरतो तो मान. पटत नसेल तर दुसऱ्यांदा बघताना फोन, बस आणि फाटक रिमोटने पुढे ढकला. टीव्हीवरच्या मूळ आवृत्तीच्या बरंच जवळ जाल.

आता चित्र. तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य आहे: ‘टीव्ही पूर्ण भरेल असं सेटिंग केलं तरी चित्र धूसरच.’ सगळं पाणी तिथेच मुरतंय. २००४ च्या डीव्हीडीवर चौकट ४:३ (रुंदी ४, उंची ३) आहे. ती १६:९ च्या पडद्यावर ताणली की प्रत्येक वस्तूची रुंदी तीन भागांच्या जागी चार भाग होते. खात्री करायची तर ट्रक बाजूने दिसतो तिथे डिस्क थांबवा आणि चाक बघा. आडवं लंबगोल दिसलं की ताणलंय. ताणण्याऐवजी ‘झूम’ केलं असेल तर चाक गोल राहतं, पण वरचा-खालचा मिळून पाव भाग कापला जातो. अमेरिकी डिस्कच्या ४८० ओळींपैकी ३६० उरतात आणि त्या तुमचा टीव्ही २१६० पर्यंत फुगवतो. मग धूसर नाही दिसणार तर काय?

अर्धा टीव्ही वाया जातो हेही खरं नाही. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. ४:३ चित्र त्यातले ९१ घेतं, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधराच्या काळ्या पट्ट्या उरतात. उंची पूर्ण मिळते, आणि या सिनेमात उंचीच लागते. मानच्या आरशात ट्रकची नाकाड चौकट वरपासून खालपर्यंत भरते, ती टीव्हीच्या पडद्यासाठीच बेतलेली. २०१४ च्या ब्लू-रेवर चौकट १.८५ ची (उंचीच्या १.८५ पट रुंद) आहे, म्हणजे चौकोनी चौकटीच्या तुलनेत २८ टक्के उंची झाकलेली. माळरान आणि लांबलचक रस्ता त्यात छान दिसतो, तपशील तर डीव्हीडीच्या कितीतरी पुढे. फक्त चित्राच्या स्वच्छतेवर ठरवायचं असेल तर ब्लू-रेच घ्या, मी अडवणार नाही.

डीव्हीडीच बघणार असाल तर क्रम असा ठेवा. प्लेअरच्या मेनूत टीव्हीचा प्रकार १६:९, आणि टीव्हीच्या रिमोटवर चौकट ४:३ किंवा ‘ओरिजिनल’. त्यानंतर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ सुरू करा, नाहीतर टीव्ही चारी कडा थोड्या थोड्या खातो.

धक्क्यांचं कारण वेगळं आहे. आपल्याकडच्या प्लेअरमध्ये पॅल (आपल्याकडची पद्धत, सेकंदाला ५० वेळा चित्र), एनटीएससी (अमेरिकी, ६० वेळा) आणि ऑटो असे तीन पर्याय असतात, आणि बरेच प्लेअर पॅलवर लावलेले येतात. त्यात अमेरिकी डिस्क घातली की ६० चं ५० करताना स्वस्तातला प्लेअर फ्रेमा गाळतो, आणि बाजूने सरकणारं कुंपण उड्या मारतं. ऑटोवर ठेवा. मग टीव्हीतलं ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस, जे काय नाव असेल ते बंद करा. दोन फ्रेमांमध्ये टीव्ही स्वतःच्या कल्पनेने तिसरी घालतो आणि धावत्या गाडीच्या कडेला चित्र फाटतं. ‘फिल्म मोड’ वेगळा असतो, तो चालू राहू द्या. ‘व्हिव्हिड’ सोडून ‘सिनेमा’, शार्पनेस शून्याजवळ. दाणे दिसतील, ते फिल्मचे आहेत, घाण नव्हे. नॉइज रिडक्शनने ते पुसायला गेलात तर मानच्या चेहऱ्यावरचा घाम आणि धूळही पुसली जाते.

आणखी एक. प्लेअरवर एकूण वेळ ८६ मिनिटं दिसली तर डिस्क कापलेली आहे असं समजू नका. ती पॅल आहे. २४ फ्रेमांचा सिनेमा २५ ने चालतो, म्हणून चार टक्के लवकर संपतो आणि ट्रकचं इंजिनही किंचित वरच्या पट्टीत ऐकू येतं.

आवाजाच्या बाबतीत मी ठाम आहे. मूळ सिनेमा मोनो आहे. ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एका वूफरसाठीचा आवाज, नंतर बसवलेला. ५.१ मध्ये इंजिन मागच्या स्पीकरमधून अंगावर येतं, पहिल्यांदा मजा वाटते. पण या सिनेमात भीती दिशेची नाही, अंतराची आहे. ट्रक दिसत नसताना तो किती लांब आहे हे फक्त आवाजाच्या चढउतारावर कळतं, आणि तो चढउतार मोनोत नीट जपलाय. पाच स्पीकर असले तर मोनो ट्रॅक निवडून अँप्लिफायर ‘प्रो लॉजिक’ मोडवर ठेवा, सगळा आवाज मधल्या स्पीकरमधून येईल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘ऑटो व्हॉल्यूम’ आणि ‘नाइट मोड’ बंद हवेत. ते हळू आवाज वाढवतात, मोठा दाबतात. मग मैलभर लांबचा ट्रक आणि बंपरला टेकलेला ट्रक सारखेच ऐकू येतात आणि सिनेमा कंटाळवाणा वाटतो. तुम्ही रात्री उशिरा पाहिलात असं लिहिलंय, तेव्हा हे आधी तपासा. घरचे झोपले असतील तर हेडफोन लावा.

बुरशीचं काय? ती सहसा आधी कागदी कव्हरवर आणि बोटांच्या ठशांवर धरते, प्लॅस्टिक खात नाही. कागद काढून वेगळा ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ओल्या झाल्या की बदला. डाग पडलाच तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, आणि पुसायचं मधून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. एसीच्या खोलीतला प्लेअर दमट खोलीत आणलात तर अर्धा तास बंदच राहू द्या, भिंगावर बाष्प धरतं. जूनच्या गडगडाटात विजेच्या प्लगबरोबर केबलची वायरही काढा.

‘फोर-के घेऊ का’ याचं उत्तर: फोर-के डिस्कना प्रदेशाचं कुलूप (एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर न चालणं) नसतं. साध्या ब्लू-रेला असू शकतं, भारत ‘सी’ विभागात येतो. डीव्हीडीत आपण ५. तेव्हा साधी ब्लू-रे मागवताना पाकिटामागचं चिन्ह बघूनच पैसे द्या. फोर-के चालवायला पीएस-फोर प्रो हा गेम कन्सोल उपयोगाचा नाही, डिस्क ड्राइव्हवाला पीएस-फाइव्ह चालतो. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टला तो जोडाल, त्याचं ‘एन्हान्स्ड’ सेटिंग बऱ्याच टीव्हींत हातानेच सुरू करावं लागतं. ते राहिलं तर महागड्या डिस्कचे रंग फिके दिसतात आणि दोष बिचाऱ्या डिस्कला जातो.

तुमच्या प्लेअरचा आणि टीव्हीचा मॉडेल नंबर खाली लिहा. कुठल्या मेनूत काय नावाने आहे ते नेमकं सांगता येईल.