दत्तकाचा आदेश लवकर निघतो, पण त्याआधीचं काय?

बाल न्याय कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीमुळे दत्तकाचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देऊ लागले आणि त्यामुळे कामाला वेग आला, असं दत्तकाविषयीच्या एका लेखात म्हटलं आहे. शेवटच्या टप्प्यापुरतं ते बरोबर असेल. पण मूल तिथवर पोहोचण्याआधीच खरा वेळ जातो.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती, म्हणजे निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी समिती हवी. एक अध्यक्ष, चार सदस्य आणि महिन्याला किमान २० दिवस बैठक. सापडलेलं मूल २४ तासांत समितीपुढे न्यायचं असतं. दोन वर्षांपर्यंतच्या सोडून दिलेल्या बाळाला दोन महिन्यांत दत्तकासाठी मुक्त, म्हणजे कायद्याने दत्तक देता येईल असं, घोषित करायचं असतं. दिल्लीत ठरवलेली ही मुदत पाळायची कुणी? पालकांचा शोध घेणाऱ्या, घरी जाऊन अहवाल लिहिणाऱ्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या मोजक्या कंत्राटी माणसांनी.

मी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. बालसंगोपन योजनेसाठी, म्हणजे अशा मुलांना घरीच सांभाळायला मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी, नातवाला घेऊन समितीकडे आलेली आजी मला दर आठवड्याला भेटते. पिशवीत रेशनकार्ड, तिच्या मुलाचा मृत्यू दाखला, शाळेचं बोनाफाईड. पहाटेच्या एसटीने आलेली असते, आणि त्या दिवशी समितीचा कोरम (बैठकीला लागणारे किमान सदस्य) नसला की तशीच परत जाते. महिना २२५० रुपयांसाठी हा खेटा, शिवाय बुडालेली मजुरी वेगळीच!

अधिकार कोणाकडे असावेत यावर जरूर चर्चा करा. पण आधी समित्यांवरच्या रिकाम्या जागा वेळेत भरा आणि समितीला महिन्यातून एकदा तरी तालुक्याच्या गावी बसवा.