डिस्क १०० टक्के म्हणजे वेग नव्हे!

परभणीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. रोज कुणीतरी येतंच, "दादा, टास्क मॅनेजरात (विंडोजमध्ये कॉम्प्युटरचं काम दाखवणारी खिडकी) डिस्क १०० टक्के, अन् कॉपी सेकंदाला २ एमबीनं (मेगाबाइटनं) चालू हाय. डिस्क गेली का?"

अहो, तो आकडा वेगाचा नाहीच! डिस्क किती वेळ कामात गुंतली, ते सांगतो तो. सातबारा-दाखल्यांच्या हजारो बारक्या फाइली असल्या की हार्ड डिस्कचं हेड, म्हणजे माहिती वाचणारा-लिहिणारा भाग, नुसतं इकडून तिकडं पळतं; वेळ शोधण्यातच जातो. तीच डिस्क एका मोठ्या व्हिडिओला सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते. वरून लोक नेटच्या वेगाचे मेगाबिट अन् डिस्कचे मेगाबाइट एकच समजतात! ८ बिटांचा १ बाइट, किती वेळा सांगू? धडधाकट डिस्क बदलायला निघतात लोक, जीव तुटतो बघा.